तांबेरा : आधी ओळख, मग औषध

पावसाचा जोर ओसरून सकाळी धुके पडू लागले, की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील परसांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. घेवड्याची पाने पिवळी पडून करपू लागतात, शेवंतीची खालची पाने कळ्या धरण्याआधीच वाळतात, गुलाबाच्या पानाखाली नारिंगी भुकटी दिसते आणि चाफ्याखाली पानांचा खच पडतो. तक्रार ऐकणारा लगेच सांगतो, "फवारा मारून टाका." कशाचा फवारा, किती, कधी आणि मारणाऱ्याने काय काळजी घ्यावी, हे मात्र कोणी विचारीत नाही. शेतातल्या पिकासाठी आणलेल्या डब्याच्या तळाशी जे उरले असेल ते पंपात ओतले जाते आणि ज्या वेलीच्या शेंगा दोन दिवसांनी चुलीवर चढणार, त्याच वेलीवर ते पडते.

या रीतीविरुद्ध आज आम्हांला लिहायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : तांबेरा ओळखण्यास सोपा आहे. परसात तो बहुधा हातानेच आवरता येतो. शेतात जेथे औषध मारावेच लागते तेथे ते वेळेवर, नेमके आणि मारणाऱ्याचा जीव सांभाळून मारले पाहिजे. आणि हा रोग वाऱ्यावर प्रवास करीत असल्यामुळे एकट्या घराने केलेला बंदोबस्त अपुरा पडतो. त्यासाठी गल्लीने आणि गावाने मिळून काम करावे लागते.

तांबेरा म्हणजे काय?

लोखंडाला गंज चढावा तशी पानावर तांबूस भुकटी चढते, म्हणून आपल्याकडे त्याला तांबेरा म्हणतात. गव्हावरच्या रोगाला गेरवा असेही नाव आहे. ही भुकटी म्हणजे बुरशीची बीजे होत. ती इतकी हलकी असतात, की वाऱ्याच्या झुळकीबरोबर, कपड्याला लागून, पावसाच्या थेंबाबरोबर उडून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पान काही तास सतत ओले राहिले, की बीज रुजते, पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि आतल्या आत पसरते. घेवड्यावर साधारण दहा ते पंधरा दिवसांत पानाची कातडी फोडून नवी पुटकुळी बाहेर येते आणि तिच्यातून हजारो नवी बीजे सुटतात.

यातून शेतकऱ्याने तीन गोष्टी मनात धरून ठेवाव्यात. पहिली, या बुरशीला ओलावा लागतो. दव, धुके आणि पानावर मारलेले संध्याकाळचे पाणी तिच्या सोयीचे असते. दुसरी, बुरशी पानाच्या आत असते. त्यामुळे वरून राख फुंकली, ताक शिंपडले किंवा कडुलिंबाचे तेल मारले, तरी एकदा धरलेले पान पुन्हा बरे होत नाही. तिसरी, ही बुरशी जिवंत झाडावरच वाढते. मेलेल्या पाचोळ्यावर ती वाढत नाही. पण गुलाब आणि घेवडा यांसारख्या झाडांच्या गळलेल्या पानांवर तिची जाड कवचाची काळपट बीजे पुढच्या हंगामाची वाट पाहत राहू शकतात. म्हणून झाडाखालचा पाचोळा उचलणे हे निव्वळ साफसफाईचे काम नसून रोगाचा निम्मा उपायच आहे.

ओळख कशी पटवावी?

सकाळी दव सुकल्यावर झाडाजवळ जावे आणि पान उलटे करून पाहावे. वरच्या बाजूस फिकट पिवळे ठिपके आणि त्यांच्या बरोबर खाली नारिंगी, तांबूस किंवा तपकिरी रंगाच्या लहान, उंचवटलेल्या पुटकुळ्या दिसल्या, की तांबेऱ्याचा संशय घ्यावा. मग पांढरा रुमाल किंवा कागद त्या पुटकुळ्यांवर हलकेच घासावा. रुमालावर तांबूस भुकटी उतरली तर तो तांबेरा. डाग पानातच राहिला आणि रुमाल कोरा आला तर कारण बहुधा दुसरे आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही, शाळकरी मुलालाही ती करता येते.

झाडाझाडाप्रमाणे रूप थोडे बदलते. घेवड्यावर पुटकुळ्यांभोवती पिवळे कडे असते आणि रोग वाढला की पान करपल्यासारखे होऊन गळते. शेंगांवरही डाग येतात. शेवंतीच्या पानाखालची भुकटी गडद तपकिरी असते. गुलाबावर ती प्रथम उजळ नारिंगी असते आणि पुढे काळी पडते. चाफ्याच्या पानाचा मागचा भाग पिवळ्या-नारिंगी भुकटीने भरून जातो. पुदिन्यावर पानांबरोबर देठही धरला जातो. अंजिराच्या पानावर लहान तांबूस ठिपके पडून पाने अवेळी झडतात. भुईमुगावर पानाखाली विटकरी रंगाच्या बारीक पुटकुळ्या येतात. त्याच भुईमुगावर येणारा टिक्का रोग मात्र गोल, काळपट डागांचा असतो आणि त्याची तांबूस भुकटी बोटाला लागत नाही.

नाव तांबेरा, पण रोग दुसरा

येथेच पुष्कळांची फसगत होते आणि पैसा वाया जातो. आंबा, पेरू, चिकू यांच्या पानांवर मखमलीसारखे नारिंगी-तांबडे गोल ठिपके येतात. त्याला लोक लाल तांबेरा म्हणतात. तो बुरशीचा रोग नाही. ते एक प्रकारचे शेवाळ आहे. दाट सावली, कोंदट हवा आणि दुबळे झाड ही त्याची कारणे. फांद्या विरळ करून ऊन आणि वारा खेळू दिला, खतपाणी नीट केले, की ते मागे हटते. फार झाल्यास बोर्डो मिश्रणाचा उपयोग होतो.

माठ, राजगिरा आणि मोहरी यांच्या पानाखाली पांढऱ्या खडूसारखे फोड येतात, त्याला पांढरा तांबेरा म्हणतात. तोही खऱ्या तांबेऱ्याच्या कुळातला नाही. त्याचे जंतू पाण्याच्या थेंबात पोहणारे आहेत, म्हणून तेथे पाण्याचा निचरा आणि पेरणीची विरळणी यांवर भर द्यावा. पालेभाजी ही पंधरा-वीस दिवसांत कापली जाणारी वस्तू आहे. तिच्यावर विषारी औषध मारणे आम्हांला कोणत्याही हिशोबात बसत नाही. धरलेली पाने वेगळी काढावीत, रोप फार धरले असल्यास उपटावे.

घेवडा आणि गुलाब यांची पाने कोरड्या हवेत तांबूस, निस्तेज पडली तर लाल कोळी पाहावा. पानाखाली बारीक जाळे आणि चालणारे ठिपके दिसतील. कोळी म्हणजे किडीसारखा सूक्ष्म जीव. तांबेऱ्याच्या बहुतेक औषधांचा त्याच्यावर फायदा होत नाही. पानाच्या मागून जोराने पाणी मारले तर तो पुष्कळ कमी होतो. पाने शिरांमधून पिवळी पडत असतील आणि पुटकुळी एकही नसेल, तर जमिनीत काही कमी असेल, नाहीतर मुळाशी पाणी साचले असेल.

ओळख चुकली की औषध चुकते, आणि चुकलेल्या औषधाने रोग जात नाही म्हणून माणूस मात्रा दुप्पट करतो. नुकसानाची सुरुवात येथे होते. दुकानात जाऊन "पाने पिवळी पडली, काहीतरी द्या" असे सांगणाऱ्याला काहीतरीच मिळते. धरलेले पान कागदाच्या पुडीत घालून रैत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. आता तर पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोबाईलवर पाठवूनही विचारता येते. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे. विचारण्यात कमीपणा नाही.

परसातील उपाय

परसातील तांबेऱ्यासाठी आम्ही हा क्रम सुचवितो.

पहिले काम हाताचे. पहिली पाच-दहा पाने धरलेली दिसताच ती कोरड्या वेळी अलगद तोडून थेट पिशवीत घालावीत. झटकू नयेत, नाहीतर बीजे उडतात. ती खोल खड्ड्यात पुरावीत किंवा जाळावीत. उकिरड्यावर वरच्यावर टाकू नयेत. झाडाखालचा पाचोळाही उचलावा. ओल्या झाडांतून काम करू नये, कारण आपलेच हात आणि कपडे रोग पसरवितात. काम झाल्यावर कात्री आणि हात साबणाने धुवावेत.

दुसरे काम पाण्याचे. पाणी सकाळी आणि बुडाशी घालावे. संध्याकाळी नळीने पानांवर पाऊस पाडण्याची हौस सोडावी, कारण रात्रभर ओले राहिलेले पान तांबेऱ्याला आयते मिळते.

तिसरे काम हवेचे. वेलींना मांडव किंवा काठ्यांचा आधार द्यावा, रोपांत अंतर ठेवावे, गुलाबाच्या आतल्या गिचमिड फांद्या छाटाव्यात. घेवडा दरवर्षी त्याच वाफ्यात लावू नये. शेवंतीची कलमे रोगी झाडावरून घेऊ नयेत. शेजारणीने प्रेमाने दिलेली काडीही उलटी करून पाहावी. पुदिना फार धरला असेल तर जमिनीलगत कापून टाकावा, नवा फुटवा बहुधा स्वच्छ येतो. युरियाचा मारा करून झाड लुसलुशीत करू नये, असे झाड लवकर धरते. कुजलेले शेणखत आणि थोडी राख बुडाशी घालणे परसाला पुरते.

चाफ्यासारख्या मोठ्या झाडाची चिंता करू नये. त्याची पाने गळली तरी झाड मरत नाही. पाचोळा गोळा करावा आणि स्वस्थ राहावे. त्याच्या शेंड्यापर्यंत फवारा उडविणारा माणूस खाली उभा राहून स्वतःच भिजतो.

एवढे करूनही शेवंती किंवा गुलाबावर रोग वाढतच असेल, तर पाण्यात विरघळणारे गंधक दहा लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम घालून फवारता येते. कडक उन्हात ते मारू नये, पाने करपतात. काकडी-दोडक्याच्या वेलींवर ते उडू देऊ नये. मॅन्कोझेब हे औषध दहा लिटरला २५ ग्रॅम या प्रमाणात अनेक वर्षांपासून वापरात आहे. ही दोन्ही औषधे निरोगी पानांचे रक्षण करतात, धरलेले पान बरे करीत नाहीत. म्हणून पान तोडण्याचे काम न करता केवळ फवारणी करणे म्हणजे दार उघडे ठेवून कुलूप लावण्यासारखे आहे. मॅन्कोझेबविषयी आणखी एक गोष्ट वाचकांना माहीत असावी. प्रजननक्षमतेवर आणि शरीरातील ग्रंथींच्या कार्यावर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. घरच्या घेवड्याच्या चार वेलींसाठी ते औषध घरात आणावे काय, याचा निर्णय ज्याने त्याने हे जाणून घ्यावा. आमचे मत विचाराल तर आणू नये. चार वेली उपटून नव्या लावणे स्वस्त पडते.

शेतातील गोष्ट वेगळी

कोणी म्हणेल, ही सर्व परसातली शहाणपणे आहेत, दोन एकर सोयाबीनची पाने कोण तोडणार? ते खरे आहे. आम्ही औषधाचे शत्रू नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि धारवाड या पट्ट्यात १९९० नंतर सोयाबीनच्या तांबेऱ्याने उभी पिके वाळविली आहेत. फुलोरा आणि शेंगा धरण्याच्या काळात सतत झड लागली, की खालच्या पानांपासून रोग सुरू होतो आणि दोन-तीन आठवड्यांत शेत तपकिरी होते. दाणा भरत नाही. अशा वेळी पहिल्या पुटकुळ्या दिसताच हेक्झाकोनॅझोल ५ टक्के हे औषध एक लिटर पाण्यास एक मिलिलिटर या प्रमाणात मारणे आणि गरज पडल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा मारणे यात काहीही गैर नाही. उशीर करणे गैर आहे. अर्धे शेत वाळल्यावर मारलेले औषध दुकानदाराच्या उपयोगाचे, शेतकऱ्याच्या नव्हे.

पण येथेही औषधाच्या आधी बियाणे येते. धारवाड कृषी विद्यापीठाचे डीएसबी २१ हे वाण तांबेऱ्याला तोंड देणारे आहे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रातून आलेली फुले अग्रणी आणि फुले संगम ही वाणेही तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकतात. बियाणे घेताना उताऱ्याबरोबर "तांबेऱ्याला कसे?" हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. वेळेवर पेरणी केली तर पीक रोगाच्या ऐन भराआधी पुढे गेलेले असते.

आणि एकच औषध वर्षानुवर्षे मारू नये. ब्राझीलमध्ये सोयाबीनचा हा तांबेरा २००१ साली पोहोचला. तेथील शेतकऱ्यांनी एकाच कुळातली औषधे इतकी वापरली, की काही वर्षांतच बुरशी त्यांना दाद देईनाशी झाली. त्यांना औषधाबाहेरचाही मार्ग शोधावा लागला. मातो ग्रोसो प्रांतात २००६ पासून असा नियम आला, की वर्षातील ठरावीक काळ कोणाच्याही शेतात सोयाबीनचे एकही जिवंत रोप असता कामा नये. कारण उघड आहे : जिवंत रोप नाही, तर बुरशीला राहायला घर नाही. आपल्याकडे नदीकाठी उन्हाळी सोयाबीन घेतले जाते आणि बांधावर आपोआप उगवलेली रोपे तशीच ठेवली जातात. एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाण्यासाठी रोगाला आपणच हा हिरवा पूल बांधून देतो.

फवारणाऱ्याचा जीव

या पानावर शेती आणि आरोग्य हे दोन विषय एकत्र का येतात, याचे उत्तर पाठीवरच्या पंपात आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो इस्पितळांत दाखल झाले. ती औषधे किडींवरची होती, बुरशीवरची नव्हेत. पण पंप तोच असतो, बादली तीच असते, ढवळणारा हात तोच असतो आणि उघडे तोंडही तेच. आपल्याकडे बुरशीचे आणि किडीचे औषध एकत्र कालवून "एकाच फेरीत दोन्ही कामे" करण्याची रीत पडली आहे, त्यामुळे तांबेऱ्यासाठी निघालेला माणूस नकळत जहाल विष पाठीवर घेतो. डब्यावर सांगितल्याशिवाय दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत.

औषधाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. घरातील प्रत्येकाला हा अर्थ माहीत असलाच पाहिजे. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये.

फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मुखपट्टी असावी. वारा पाठीवर घेऊन चालावे. दुपारच्या उन्हात आणि उपाशी पोटी फवारू नये. तोंडात तंबाखू, गुटखा, विडी असू नये. तोटी तुंबली तर तोंडाने फुंकू नये. एवढ्या एका सवयीने कित्येकांना विष चढले आहे. मुलांना औषध कालवायला लावू नये. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी त्या शेताजवळ जाऊ नये. काम संपताच साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. धुणाऱ्या बाईने हातमोजे घालावेत, कारण विष तिच्याही कातडीतून शिरते. रिकामा डबा तीन वेळा विसळून, ते पाणी पंपातच घालून, डब्याला भोक पाडावे. त्यात रॉकेल, तेल किंवा पाणी कधीच भरू नये. औषध मोजण्याचा चमचा स्वयंपाकघरात परत जाऊ नये. औषधाची जागा कुलपाखाली असावी, पलंगाखाली नव्हे.

डोके दुखणे, मळमळ, डोळ्यांची आग, अंधारी, जास्त घाम, लाळ किंवा छाती भरून येणे यांपैकी काहीही झाले, की काम तेथेच थांबवावे. माणसाला मोकळ्या हवेत आणून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे, डोळ्यांत गेले असल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी मारावे. पोटात गेले असल्यास बळेच ओकारी काढू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील कागद बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरांनाही उपाय ठरविणे कठीण जाते.

येथे एक गोष्ट आम्हांला स्पष्ट सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांत फवारणी मालक करीत नाही, रोजगारी करतो. त्याला हातमोजे देण्याची जबाबदारी कोणाची? मालकाचीच. "त्याला घालायची सवय नाही" हे उत्तर आपण फार वर्षे दिले. रोजाचा पगार चुकता करणे हा न्याय आहे, हे आपण प्रवचनांत ऐकतो. त्या माणसाला धडधाकट घरी पाठविणे हाही त्याच न्यायाचा भाग आहे. मुखपट्टी आणि हातमोजे यांचा खर्च औषधाच्या एका डब्याहून कमी येतो. ज्याला तो परवडत नाही त्याला फवारणीही परवडत नाही, असे समजावे.

भांडण नको, एकोपा हवा

तांबेरा आला की शेजाऱ्यांत कुरबुर होते. "तुमच्या चाफ्यावरून आमच्या घेवड्यावर आला," असे शब्द ऐकू येतात. वाचकहो, बहुतेक तांबेरे आपापल्या झाडाला चिकटून असतात. चाफ्याचा तांबेरा घेवड्यावर जात नाही, गुलाबाचा शेवंतीवर जात नाही. त्यामुळे चाफ्यावरून भांडू नये. मात्र एका परसातल्या घेवड्यावरून दुसऱ्या परसातल्या घेवड्यावर तो नक्की जातो, आणि सोयाबीनचा तांबेरा शेंगवर्गातील इतरही अनेक झाडांवर राहू शकतो. म्हणून दोष देण्याऐवजी वार ठरवावा.

असे वार ठरविणे नवे नाही. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचा बार्बेरीच्या झुडपाशी काही संबंध आहे, हे शेतकऱ्यांच्या नजरेला शास्त्रज्ञांच्या आधी आले होते. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने १७२६ सालीच ती झुडपे तोडण्याचा कायदा केला; अँटोन दी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने तो संबंध प्रयोगाने सिद्ध केला तो १८६५ मध्ये. आपल्या देशात आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखविले, की मैदानातल्या कडक उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा टिकत नाही. तो हिमालयात आणि दक्षिणेकडे निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तग धरतो आणि तेथून वाऱ्यावर खाली येतो. म्हणजे शेकडो मैलांवरच्या डोंगरातला रोग आपल्या शेतात उतरतो. मग कुंपणापलीकडचा उतरेल यात नवल ते काय?

जेथे सर्वांनी एकाच पिकावर भरवसा ठेवला आणि उपाय उशिरा सुरू केला, तेथे काय झाले तेही इतिहासात आहे. श्रीलंकेत १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला. पुढच्या वीसएक वर्षांत डोंगरच्या डोंगर व्यापणारे कॉफीचे मळे मोडले आणि तेथे चहा आला. मळेवाल्यांपैकी काही सावरले. मळ्यांवर राबणाऱ्या गरिबांचे हाल कोणी मोजले नाहीत.

तांबेऱ्याची धास्ती आपल्या उपासनेच्या इतिहासातही उमटलेली आहे. प्राचीन रोममध्ये २५ एप्रिलला तांबेऱ्याच्या दैवताचा सण असे. पीक वाचावे म्हणून कुत्र्याचा बळी देत. ख्रिस्ती रोममध्ये त्याच तारखेला पिकांसाठी याचना करणारी मोठी मिरवणूक निघू लागली, आणि संत मार्कच्या सणाशी ती शेकडो वर्षे जोडलेली राहिली. १९६९ च्या सुधारणेनंतर असे याचना-दिवस केव्हा व कसे पाळावेत, हे त्या त्या देशाच्या बिशप परिषदांवर सोपविण्यात आले. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसाचे फेस्त अजून होते. देवाकडे पिकासाठी मागणे मागण्याची ही परंपरा आपलीच आहे. त्या मिरवणुका शेताच्या बांधांवरून जात, आणि चालताना सर्वांची शेते सर्वांच्या नजरेखालून जात, हे मात्र आपण विसरू नये.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक वाड्याने पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक वार ठरवावा. त्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या परसातील पाने उलटी करून पाहावीत, धरलेली तोडून पुरावीत, पाचोळा उचलावा. ज्या घरात केवळ वृद्ध माणसे आहेत तेथे तरुणांनी जावे. दोन नोव्हेंबरला कबरींवर वाहण्यासाठी शेवंती लावणाऱ्या घरांनी तर हे काम सप्टेंबरातच सुरू करावे. वाड्यात हातमोजे, चष्मे आणि मुखपट्ट्यांचे दोन-तीन सामायिक संच असावेत. धुऊन ठेवावेत आणि ज्याच्याकडे फवारणी असेल त्याने न्यावेत. उन्हाळ्यात बांधावरचे उगवते सोयाबीन सर्वांनी उपटावे.

यात खर्च थोडा आणि कष्टही थोडे आहेत. लागतो तो पान उलटे करून पाहण्याचा धीर आणि शेजाऱ्याला हाक मारण्याचा मोकळेपणा. एवढे जमले तर पुढच्या वर्षी पुष्कळ परसांत पंप खुंटीवरच राहील, आणि ज्या शेतात तो उतरावा लागेल तेथे त्याच्या मागचा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी येईल.